आधी शरीर, मग भावनेचं नाव: ऑटिस्टिक विद्यार्थ्यांसोबत काम करताना

भावना शिकवायच्या म्हटलं की बहुतेक वर्गांत पहिल्यांदा चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर लागतो. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. मुलाने चित्र बघून नाव सांगायचं. पुष्कळ ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलं हे पटकन शिकतात, कारण चित्र आणि नाव यांची जोडी लावणं त्यांना छान जमतं. आणि त्याच दुपारी तेच मूल कानांवर हात दाबून बाकाखाली बसलेलं असतं. आपल्याला काय होतंय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तक्त्यावरचा तो चेहरा आणि आपल्या छातीतली धडधड यांचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

मी विशेष शिक्षिका आहे. सर्वसाधारण शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांसाठीच्या वेगळ्या खोलीत, काम करते. माझ्याकडे येणारी मुलं सहा ते सोळा वयाची, काही अखंड बोलणारी, काही तोंडाने एकही शब्द न बोलणारी. या कामात माझा क्रम ठरलेला आहे: आधी परिसर, मग शरीर, मग शब्द, आणि शांत होण्याचे उपाय त्यानंतर. शाळांमध्ये बहुतेकदा याच्या उलट चालतं. मूल ओरडायला लागलं की 'दीर्घ श्वास घे' असं सांगून सुरुवात होते, आणि ज्या क्षणी त्याला भाषा कळण्याची शक्यता सगळ्यात कमी असते नेमक्या त्याच क्षणी आपण सगळ्यात जास्त बोलतो.

शरीराच्या आतून येणारे संकेत, म्हणजे भूक, तहान, लघवी लागणं, धडधड, पोटात येणारा गोळा, हे ओळखण्याच्या क्षमतेला इंटरोसेप्शन म्हणतात. अनेक ऑटिस्टिक मुलांना हे संकेत फार उशिरा आणि पुसट जाणवतात, तर काहींना ते इतके तीव्र जाणवतात की दुसरं काही सुचत नाही. याच्याच शेजारची दुसरी अडचण म्हणजे स्वतःची भावना ओळखून ती शब्दांत सांगता न येणं. तिला अलेक्झिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही संज्ञा वापरात आणली. अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण करणारा एक लेख 2019 मध्ये आला. त्यात ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ती अडचण दिसली. इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे 5 टक्के होतं. म्हणजे 'तुला कसं वाटतंय?' या प्रश्नावर 'माहीत नाही' असं उत्तर आलं, तर ते मूल टाळाटाळ करत नाहीये. बहुतेक वेळा ते अगदी खरं उत्तर देत असतं.

आणि उरलेल्यांपैकी अनेकांना आपली भावना नीट कळते, सांगताही येते. त्यांची अडचण वेगळी असते: ती ऐकून कोणी काही करत नाही. म्हणून समोरचं मूल कुठल्या गटातलं आहे हे आधी बघावं लागतं.

दोन आठवडे नुसतं बघा

कुठलाही उपाय सुरू करण्याआधी दोनेक आठवडे फक्त नोंद ठेवा. मूल अस्वस्थ झालं की पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, आजूबाजूला कुठले आवाज, वास आणि उजेड होते, आणि मुलाचं शरीर काय करत होतं. 'चिडला', 'हट्ट केला', 'मुद्दाम केलं' हे शब्द वहीत येऊ देऊ नका. ते आपले निष्कर्ष आहेत. 'मुठी आवळल्या, दारापर्यंत फेऱ्या मारल्या, कॉलर चावली' असं लिहा.

एक नऊ वर्षांचा मुलगा संगीताच्या तासाला निघाला की जमिनीवर बसकण मारायचा. त्याला संगीत आवडत नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नोंदी समोर ठेवल्यावर दिसलं की ज्या दिवशी वर्ग मैदानाकडून जायचा त्या दिवशी तो विनातक्रार चालत जायचा. नेहमीच्या वाटेवर स्वच्छतागृह होतं आणि तिथलं हात वाळवण्याचं मशीन कधी सुरू होईल याचा नेम नव्हता. वाट बदलली आणि बसकण थांबली. संगीताच्या तासाला तो पेटीच्या अगदी जवळ बसतो. या मुलाला जर आपण 'राग आल्यावर काय करावं' हे शिकवत बसलो असतो, तर ते शिकणं त्याच्या काय कामाचं होतं?

नोंदी ठेवताना शरीराच्या दुखण्याकडे विशेष लक्ष द्या. एरवी शांत असणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं, स्वतःच्या गालावर मारू लागलं, जेवेनासं झालं, तर आधी डॉक्टर. दात किडलेला असतो, कान ठणकत असतो, बद्धकोष्ठता असते, वयात येणाऱ्या मुलीची पाळी जवळ आलेली असते. अपस्मार (फिट येण्याचा आजार) ऑटिस्टिक मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे मध्येच काही सेकंद एकटक हरवल्यासारखं बघत राहणं हेही लिहून ठेवा आणि पालकांना सांगा. दुखण्यावर वर्तनाचा उपाय करणं हा मुलावर अन्याय आहे.

जे सोसावं लागतंय ते आधी कमी करा

मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यातच मोठ्या आवाजांची धास्ती आणि सगळं जसंच्या तसं राहावं ही तीव्र गरज नोंदवलेली आहे. तरीही संवेदनांना कमी किंवा जास्त प्रतिसाद हा मुद्दा डीएसएमच्या, म्हणजे मानसिक निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीच्या, निकषांत आला तो 2013 मध्ये, पाचव्या आवृत्तीत. मधल्या सत्तर वर्षांत ऑटिस्टिक माणसं आणि त्यांचे आईवडील हेच सांगत होते. मला हे आठवण करून द्यावंसं वाटतं, कारण अजूनही 'त्याला सवय व्हायला हवी' हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येतं. कर्कश आवाजाची सवय होत नाही. मूल फक्त तो सोसायला शिकतं आणि त्याची किंमत संध्याकाळी घरी मोजतं.

तेव्हा वर्गात एकदा मुलाच्या जागेवर जाऊन बसा, पाचेक मिनिटं, काहीही न करता. फडफडणारी ट्यूब, खरखरणारा पंखा, मागच्या बाकावरच्या पायांची टकटक, खिडकीतून डोळ्यांवर येणारं ऊन. यातलं बरंच काही त्याच दिवशी बदलता येतं. भिंतीलगतची जागा दिली की पाठीमागून अचानक कोणी धक्का देण्याची भीती जाते. घंटा होण्याआधी दोन मिनिटं मुलाला खूण करता येते. आवाज अडवणारे हेडफोन दप्तरात न ठेवता बाकावरच ठेवावेत आणि ते घालायला परवानगी मागावी लागू नये.

दिवसाचा क्रम चित्रांत किंवा लिखाणात समोर असू द्या. वाचता येणाऱ्या, हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांनाही तो लागतो. त्यात 'बदल' असं एक वेगळं कार्ड हवं. शिक्षक रजेवर असले की त्या तासावर ते कार्ड लावायचं आणि शेजारी त्या जागी काय होणार ते लिहायचं. हे कार्ड नुसतं वाईट बातमीसाठी वापरलं तर मुलं त्यालाच घाबरू लागतात. म्हणून अधूनमधून आवडीचे बदलही त्याच कार्डाने सांगा.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तर मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शरीराची ओळख

हे काम मूल शांत असताना, रोज ठरलेल्या वेळी आणि थोडंच करायचं. दहा मिनिटं पुरे.

सुरुवात भावनांपासून नको, साध्या शारीरिक फरकापासून करा. जिना वेगाने चढून या, मग हात छातीवर ठेवा: आता हळू की जोरात? गार पाण्यात बोटं बुडवा: टोचतंय की बरं वाटतंय? मुठी घट्ट आवळा, सोडा: हातात काय फरक पडला? मोठ्या कागदावर मुलाला झोपवून त्याच्या शरीराची बाह्यरेषा काढा (त्याला जमिनीवर झोपणं नको असेल तर आयती आकृती द्या) आणि जाणवलं त्या जागी रंग भरू द्या. सुरुवातीला 'काहीच नाही' हेही उत्तर मान्य करायचं. कित्येक मुलं बरेच दिवस फक्त हात आणि पाय रंगवतात. पोट आणि छाती नंतर येतात.

शब्द देताना मी घट्ट, सैल, गरम, जड, टोचतंय, वळवळतंय, धडधडतंय, सुन्न असे शब्द देते. दुःख, मत्सर, निराशा हे शब्द लांबचे आहेत. मुलाने स्वतःचा शब्द आणला तर तोच पक्का. एक दहा वर्षांची मुलगी डोक्यात 'पिवळा आवाज' होतोय म्हणायची. पिवळा आवाज म्हणजे नेमकं काय, हे तिला विचारून भंडावण्यात अर्थ नव्हता. तो कधी येतो याची नोंद ठेवली आणि कळलं की एकाच वेळी दोन माणसं बोलू लागली की तो येतो. आता ती 'पिवळा' एवढंच म्हणते आणि समोरची माणसं एकेक करून बोलतात. तिला 'अस्वस्थता' हा शब्द अजून वापरता येत नाही. त्याने काही अडलेलं नाही.

मुलाची जी आवड असेल तिच्यातून बोला. ज्याला लिफ्टचं वेड आहे त्याच्यासाठी मजले, ज्याला हवामानाचे नकाशे आवडतात त्याच्यासाठी वाऱ्याचा वेग. एका मुलाला रेल्वेचे सिग्नल आवडायचे. त्याच्या वहीत दोन पिवळ्या सिग्नलचा अर्थ 'अजून थांबायची गरज नाही, पण वेग कमी करा' असा होता. मला एवढी नेमकी भाषा सुचली नसती.

काही दिवसांनी दोन्ही टोकं जोडा. 'काल गणिताच्या तासाला तुझे खांदे वर गेले होते आणि तू खोडरबर तोडत होतास. तेव्हा पोटात काही होत होतं का?' उत्तर हो आलं तर मग म्हणा, 'असं होतं तेव्हा काही लोक त्याला काळजी म्हणतात. तुला हा शब्द चालेल का?' नाव हे असं शेवटी यावं, आणि मुलाला ते नाकारण्याची मुभा असावी. 'तुला राग आलाय' असं ठामपणे सांगू नका. भूक, थकवा, भीती आणि राग बाहेरून सारखेच दिसतात, आणि चुकीचं नाव चिकटलं तर मूल तेच शिकतं.

पाच पायऱ्यांची पट्टी

आत किती खळबळ आहे हे आकड्याने सांगणारी एक ते पाच आकड्यांची पट्टी केरी डन ब्युरॉन आणि मिट्झी कर्टिस या दोघींनी रूढ केली. ती कित्येक शाळांत भिंतीवर छापील स्वरूपात दिसते. छापील पट्टीचा फारसा उपयोग नाही. ती त्या एका मुलाची, त्याच्या नोंदींवरून आणि त्याच्याबरोबर बसून बनलेली हवी. प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने करा: मला आत काय जाणवतं, इतरांना काय दिसतं, त्या वेळी कशाने बरं वाटतं.

एका बारा वर्षांच्या मुलीची पट्टी थोडक्यात सांगते. 1: पाय हलतात, ती गुणगुणते, सगळं ठीक. 2: उत्तरं एका शब्दात येतात, पेन्सिलला पुन्हा पुन्हा टोक काढते, या वेळी हेडफोन आणि एकटीने करायचं काम दिलं की पुरतं. 3: जबडा घट्ट, तोच प्रश्न तीनतीनदा; या वेळी वर्गाबाहेर एक फेरी. 4: शब्द सापडत नाहीत, आवाज चढतो, रिसोर्स रूम, दिवा बंद, कोणी बोलायचं नाही. 5: हात चावते किंवा पळत सुटते, फक्त तिची सुरक्षितता बघायची.

खरं काम 2 वर आहे. मोठी माणसं 4 ला जागी होतात, कारण आवाज तेव्हा येतो. पेन्सिलला पुन्हा पुन्हा टोक काढणं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणून ही पट्टी मुलाच्या बाकावर चिकटवण्याइतकीच प्रत्येक विषयाच्या शिक्षकाच्या हातातही हवी.

आकड्यांना चांगलं-वाईट जोडू नका. हिरवा म्हणजे शहाणा आणि लाल म्हणजे वाईट असं मुलं फार लवकर धरून बसतात, आणि मग कसंही वाटत असलं तरी हिरव्यावरच बोट ठेवतात. आनंदानेही 4 होतो. सहलीच्या आदल्या दिवशी हात फडफडवत वर्गभर उड्या मारणारं मूल आनंदात असतं. त्याला गप्प बसवायचं कारण नाही, मात्र त्याचं शरीर दमत चाललंय एवढं ध्यानात ठेवून पुढचा तास हलका ठेवावा.

उपाय: श्वासच हवा असं नाही

श्वासाकडे लक्ष दिल्याने काही मुलं अधिकच घाबरतात. धडधड जास्तच ऐकू येऊ लागते. भिंत दोन्ही हातांनी ढकलणं, पुस्तकांचा गठ्ठा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेऊन ठेवणं, झोपाळा, डोलत बसणं, चघळण्यासाठी बनवलेली रबरी माळ, आवडत्या विषयाची यादी लिहिणं, हे उपाय मी जास्त वापरते. स्नायूंना जोर लागेल अशी कामं खूप मुलांना शांत करतात. शाळेशी जोडलेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या हालचाली आणि संवेदना यांवर काम करणारा तज्ज्ञ) असेल तर त्याच्याशी बोलून ठरवा. नसेल तर मुलाकडे बघा: अस्वस्थ झाल्यावर ते आपणहून काय करतं? गोल फिरतं, बोटं डोळ्यांपुढे हलवतं, एकच वाक्य घोकतं. त्याला स्टिमिंग म्हणतात आणि तो मुलाने स्वतः शोधलेला उपाय आहे. तो बंद करायचा नसतो. स्वतःला इजा होत असेल तरच तशीच संवेदना देणारं दुसरं काही शोधायचं, म्हणजे हात चावणाऱ्याला चावण्यासाठी दुसरं साधन.

निवडलेला उपाय शांत असताना रोज करून बघायचा. 4 वर पोचलेल्या मुलाला नवीन काही शिकता येत नाही. अंगवळणी पडलेलं असेल तेवढंच आठवतं.

सुटीचं कार्ड, म्हणजे थोडा वेळ वर्गाबाहेर जायचंय हे न बोलता सांगणारं कार्ड, मात्र पहिल्याच दिवसापासून द्या. मुलाने ते दाखवलं की लगेच आणि दर वेळी त्याला उठू द्यायचं. 'एवढं गणित पूर्ण कर आणि मग जा' असं एकदा जरी झालं, तरी कार्डावरचा विश्वास उडतो आणि मूल पुन्हा ओरडून सांगू लागतं, कारण ओरडलं की नक्की बाहेर जाता येतं. शिक्षक विचारतात की तो याचा गैरफायदा घेणार नाही का. सुरुवातीला कार्ड खूपदा दिसतं, हे खरं आहे. मूल तपासून बघतं की हे खरंच चालतं का. ते चालतं याची खात्री पटली की वापर बहुधा आपोआप कमी होतो. तरीही एखाद्या तासालाच कार्ड सतत येत असेल, तर त्या तासात काय खुपतंय ते शोधायला हवं.

शांत बसल्याबद्दल स्टार, चिडलं की स्टार काढून घेणं, हे मी करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. त्यातून मूल त्रास लपवायला शिकतं. आपल्याला हवं आहे नेमकं उलट: त्रास सुरू होतानाच तो दिसावा.

मेल्टडाउन सुरू झाल्यावर

सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, त्याला मेल्टडाउन म्हणतात. तो हट्ट नव्हे. हट्टाला काहीतरी हवं असतं. ते मिळालं की तो थांबतो. मेल्टडाउन हवी ती वस्तू हातात ठेवली तरी थांबत नाही, कारण तो सोसण्याची मर्यादा संपल्यामुळे आलेला असतो.

आपण बोलणं थांबवायचं. एकाच माणसाने जवळ राहायचं, समोर उभं न राहता थोडं बाजूला, शक्यतो खाली बसून. बाकी मुलांना बाहेर न्यायचं. चिडलेल्या मुलाला ओढत नेण्यापेक्षा वर्ग रिकामा करणं सोपं आणि सुरक्षित असतं. दिवा, पंखा, प्रोजेक्टर बंद. लागेल अशी कठीण वस्तू हळूच दूर करायची. 'माझ्याकडे बघ' म्हणायचं नाही. स्पर्श करायचा की नाही, हे मूल शांत असताना त्याला विचारून पट्टीवर लिहून ठेवलेलं असावं. काहींना खांद्यांवर घट्ट दाब हवा असतो, काहींना बोटाचा स्पर्शही भाजल्यासारखा होतो. पकडून ठेवणं फक्त जिवाला धोका असेल तेव्हा, तेवढ्याच क्षणापुरतं. बोलायचंच असेल तर ठरलेलं एकच वाक्य, खालच्या आवाजात: 'मी इथे आहे. तू सुरक्षित आहेस.'

आपला स्वतःचा श्वास आणि खांदे सैल करा. मूल आपल्या शब्दांपेक्षा आपल्या शरीराकडून जास्त घेतं. ज्याला हे जमत नसेल त्याने दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवावं. त्यासाठी एक खूण आधीच ठरवून ठेवावी.

दुसरा प्रकार सहज नजरेतून सुटतो. मूल ओरडत नाही, गप्प होतं. नजर खाली, हालचाल मंद, विचारलं तर ओठ हलत नाहीत. हा शटडाउन. मुलींमध्ये तो बरेचदा 'गुणी आणि लाजाळू' म्हणून दुर्लक्षिला जातो. त्यालाही तीच मदत हवी: कमी आवाज, कमी प्रश्न, भरपूर वेळ.

नंतर थकवा येतो, झोप येते, कधी उलटी होते. त्या दिवशी 'असं का केलंस' विचारू नका आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर, कागदावर काड्यांची माणसं काढून काय घडलं ते एकत्र मांडा: कोण कुठे होतं, कोण काय बोललं, कोणाच्या डोक्यात काय होतं. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून कागदाकडे बघत बोलणं मुलांना सोपं जातं. मोडलेलं काही असेल तर ते दुरुस्त करण्यात मुलाचा वाटा असू द्या, पण शिक्षा म्हणून नव्हे.

जी मुलं तोंडाने बोलत नाहीत

बोलता न येणं म्हणजे भावना नसणं नव्हे, हे सांगावं लागतं हीच दुःखाची गोष्ट आहे. टॅबलेटवर किंवा कार्डांच्या वहीत पहिल्यांदा 'आनंदी' आणि 'दुःखी' टाकलं जातं. त्याआधी 'थांबा', 'नको', 'दुखतंय', 'खूप आवाज', 'मला एकटं राहायचंय' आणि 'संपलं का?' हवेत. हे शब्द वापरून मुलाला काहीतरी बदलता येतं. 'दुःखी' दाबून काय बदलतं? आपण स्वतःही त्याच कार्डांवर बोट ठेवून बोला, 'खूप आवाज, मी दार लावते', म्हणजे ती कशी वापरायची ते मुलाला दिसतं. आणि साधन मुलाच्या हाताशी असू द्या. कपाटात ठेवलं तर मुलाचं तोंड बंद केल्यासारखंच होतं.

इतरांच्या भावना

ऑटिस्टिक मुलांना दुसऱ्यांची मनं कळत नाहीत असं पूर्वी सरसकट म्हटलं जायचं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलं की हा न कळण्याचा प्रकार दोन्ही बाजूंनी आहे. इतरांनाही ऑटिस्टिक माणसांचं मन तितकंच कमी वाचता येतं. वर्गात हे मला रोज दिसतं. म्हणून मी एका मुलाला 'लोकांचे चेहरे वाच' शिकवत नाही. सगळ्या वर्गाला सरळ बोलायला शिकवते. सुरुवात शिक्षकापासून: 'माझा आवाज मोठा झाला. मी तुमच्यावर रागावलेली नाही. प्रोजेक्टर चालत नाहीये म्हणून मी वैतागले आहे. दोन मिनिटं बसते.' एवढ्या वाक्यांत भावना, कारण आणि उपाय तिन्ही येतात, आणि बाकीच्या मुलांनाही ते लागतंच.

शाळेत शांत, घरी स्फोट

'इथे तर त्याचा काहीच त्रास नाही' असं पालकांना सांगण्याआधी थांबा. अनेक मुलं दिवसभर स्वतःला दाबून ठेवतात, इतरांची नक्कल करतात, हात मांडीखाली दाबून बसतात. याला मास्किंग म्हणतात, आणि अभ्यासांत त्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी दिसून आला आहे. घराचं दार उघडलं की सगळं बाहेर पडतं, कारण तिथे ते सुरक्षित असतं. आईवडिलांच्या सांगण्यावर विश्वास ठेवा. शाळा सुटताना पट्टीवर किती आकडा होता ते वहीत लिहून द्या. 3 असेल तर घरी पहिला अर्धा तास प्रश्न नाहीत, गृहपाठ नाही, हे पालकांशी ठरवा.

मोठ्या वयाच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतात, आणि चेहरा किंवा आवाज यांवरून ते ओळखू येतीलच असं नाही. मूल 'मी नसतो तर बरं' असं सपाट आवाजात म्हणालं तरी ते गंभीरपणे घ्या. आडवळणाने विचारू नका. 'तुला मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं हे ठरवलं आहेस का?' असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात नव्याने येत नाही. आणि त्याच दिवशी पालक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापर्यंत पोचा; तोवर मुलाला एकटं सोडू नका.

प्रगती कशी ओळखायची

मेल्टडाउन किती कमी झाले हे मोजणं मला अपुरं वाटतं, कारण ते दाबूनही कमी करता येतात. मी हे बघते: मुलाने आपणहून आकडा सांगितला का? सांगितल्यावर कोणी त्यानुसार काही केलं का? सावरायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो का? 'नको' म्हणायचं धाडस आलं का? मूल जास्त 'नको' म्हणू लागलं की काही शिक्षक काळजीत पडतात. मला त्याचा फार आनंद होतो.

वर्षाच्या शेवटी नव्या शिक्षकासाठी एक पान तयार करा. निदान आणि टक्केवारी त्यात नको. 2 वर मी कसा दिसतो, तेव्हा काय करावं, काय मुळीच करू नये, मला कशाबद्दल बोलायला आवडतं, माझे स्वतःचे शब्द आणि त्यांचे अर्थ. मजकूर मुलाबरोबर बसून लिहा, लिहिता येत नसेल तर चित्रांनी. त्याला पूर्ण वाचून दाखवा आणि ते ज्यावर बोट ठेवून नको म्हणेल ती ओळ खोडा. मगच पान पुढे द्या, आणि त्याची एक प्रत मुलाच्या दप्तरात ठेवा.